मुळे धरीपर्यंतचे पाणी

रोप लावणे आणि मृगाचा पाऊस या दोन गोष्टी महाराष्ट्रातील बागाईतदाराच्या मनात इतक्या घट्ट जोडल्या गेल्या आहेत की, नोकरीच्या वा शिक्षणाच्या निमित्ताने चेन्नईस येऊन अड्यार नदीच्या काठी बिऱ्हाड करणारा मराठी गृहस्थ जून उजाडताच सवयीने कुदळ हाती घेतो. आणि ज्या महिन्यात रत्नागिरीस किंवा पुण्यास नव्या रोपाचा भार आकाश उचलते, त्याच महिन्यात येथे तो भार सर्वस्वी त्याच्या कळशीवर येऊन पडतो. चेन्नईस वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे पुण्याहून कितीतरी अधिक. परंतु त्यातील निम्म्याहून जास्त, ढोबळ मानाने साठ टक्के, पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत, ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर येतो. आपल्याकडे ज्यास पावसाळा म्हणतात त्या चार महिन्यांत येथे संध्याकाळी गडगडाट करून जाणाऱ्या सरींवरच समाधान मानावे लागते. नव्या लागवडीच्या पाण्याचा विचार अड्यारमध्ये करावयाचा तर पंचांगाचे पान प्रथम चार महिने पुढे उलटले पाहिजे.

मराठी वाचकास अड्यार हे नाव अपरिचित नाही. थिऑसॉफिकल सोसायटीने १८७९ साली मुंबईस, गिरगावात, आपले ठाणे मांडले आणि १८८२ च्या अखेरीस ते तेथून हलवून अड्यारास, हडलस्टन गार्डन्स या सत्तावीस एकरांच्या मिळकतीत नेले. ती मिळकत पुढे वाढत जाऊन आज अडीचशे एकरांहून अधिक झाली असून, देशोदेशींचे वृक्ष तेथे एकत्र नांदत आहेत. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली स्थापिलेले कलाक्षेत्र १९६२ मध्ये जवळच्याच किनाऱ्यावरील नव्या जागेत गेले. आज तेथील वर्ग झाडांच्या छायेत भरतात. नदीच्या मुखाजवळील खाडीत, जेथे अनेक वर्षे शहराचा केरकचरा आणि सांडपाणी साचत होते, तेथील अठ्ठावन्न एकर जागा स्वच्छ करून किनारी प्रदेशाच्या मूळ वनस्पतींनी पुन्हा वसविण्यात आली आणि २०११ साली ती तोल्काप्पिय पूंगा या नावाने खुली झाली. लावलेले रोप स्वतःच्या मुळांवर उभे कसे करावे, हा प्रश्न या एका उपनगरात सव्वाशेहून अधिक वर्षे निरनिराळ्या रूपांनी पुढे येत राहिला आहे.

या प्रश्नाची उत्तरे शोधताना सामान्यतः विचारले जाते ते इतकेच, की रोज पाणी घालावे की दिवसाआड, आणि किती घालावे. हे प्रश्न गैर नाहीत. पण त्यांच्या मुळाशी असलेली वस्तुस्थिती ध्यानी घेतल्याखेरीज त्यांचे कोणतेही उत्तर खरे ठरत नाही. रोपवाटिकेतून आणलेले रोप म्हणजे वर पाने, आणि खाली काळ्या पिशवीच्या आकाराची मातीची हुंडी. त्याची यच्चयावत मुळे त्या हुंडीत कोंडलेली असतात. खड्ड्यात बसविल्यावरही पहिले काही आठवडे ते रोप बागेत राहत नाही, हुंडीतच राहते; सभोवतालची जमीन कितीही ओली असली तरी तिच्यातील ओलाव्याशी त्याचा व्यवहार सुरू झालेला नसतो. वीस सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच खोल हुंडीत सव्वासहा लिटरांच्या आसपास माती मावते आणि त्या मातीतून मुळांना खरोखर घेता येईल असे पाणी फार तर दीड लिटर असते. वैशाखातील दिवशी मध्यम झुडूप पाऊण-एक लिटर पाणी सहज उडवून टाकते. म्हणजे दोन दिवसांची शिदोरी, आणि वारा जोराचा असेल तर तितकीही नाही.

आणखी एक बारकावा असा की, हुंडी पिशवीत असताना तिच्या तळाशी पाणी काही काळ अडून राहते. तीच हुंडी जमिनीत उतरली की भोवतालची कोरडी माती तिच्यातील ओलावा ओढून घेऊ लागते. रोपवाटिकेत दिवसातून एकदा पाणी पुरणारे रोप बागेत आल्यावर प्रारंभी अधिक वेळा पाणी मागते याचे कारण हेच. माळ्याने आळ्यातील माती बोटाने चाचपून ती ओली आहे असे सांगावे, आणि रोप मात्र आत तहानेने वाळत असावे, हा प्रकार त्यातूनच घडतो. चाचपावयाची ती हुंडी, आळे नव्हे.

अड्यारमध्ये या गोष्टीस विशेष महत्त्व येते ते येथील जमिनीमुळे. बेझंट नगर आणि तिरुवान्मियूरकडे सरकावे तसतशी जमीन निव्वळ वाळूची होते. नदीच्या पात्राकडे वळावे तर गाळाची चिकण माती लागते. या शहरातील बागांसाठी पुष्कळ रोपे आंध्रातील राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून येतात, आणि त्यांच्या हुंड्या बहुधा गोदावरीच्या भारी काळ्या मातीच्या असतात. अशी घट्ट हुंडी वाळूत बसविली म्हणजे वरून घातलेले पाणी सुलभ मार्ग धरते. हुंडीच्या कडेकडेने ते वाळूत उतरते आणि हुंडीचा गाभा कोरडाच राहतो. याउलट नारळाच्या भुश्श्यावर, म्हणजे आजकालच्या भाषेत कोकोपीटवर, वाढविलेले रोप चिकण मातीत लावले तर भुस्सा लवकर सुकतो. आणि एकदा पूर्ण सुकलेला भुस्सा पाणी सहजासहजी स्वीकारीत नाही. दोन्ही प्रकारांवर उपाय एकच, व तो लागवडीच्या आधीचा आहे: रोप पिशवीसकट पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावे, मग पिशवी फाडून काढावी, गोल गोल फिरलेली मुळे धारदार सुरीने दोन-तीन ठिकाणी उभी छेदावी, आणि खड्ड्यात भरावयाची माती शक्यतो त्याच जागेची ठेवावी, म्हणजे मुळांस एका मातीतून दुसऱ्या मातीत जाताना उंबरठा आडवा येत नाही. लागवडीच्या दिवशी घेतलेले हे श्रम पुढील महिनाभराच्या पाण्याहून मोलाचे ठरतात, असे माझे निश्चित मत आहे.

परिमाणाचा हिशेब जमिनीवरच अवलंबून आहे. एक चौरस मीटर वाळूच्या वरच्या तीस सेंटिमीटर थरात मुळांना उपयोगी पडेल असे सुमारे वीस लिटर पाणी मावते. तितक्याच चिकण मातीत पन्नासाच्या आसपास. मे महिन्यात तेवढ्या क्षेत्रातून ऊन आणि वारा मिळून दररोज पाच-सहा लिटर पाणी नेतात. म्हणजे वाळूतील कोठार तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिते होते, चिकण मातीतील आठवडाभर टिकते. आणि वाळूत एका वेळी वीसऐवजी चाळीस लिटर ओतले तर वरचे वीस लिटर मुळांच्या हाती न लागता खाली निघून जातात. तेव्हा समुद्राकडील बागेत थोडे आणि वारंवार, नदीकडील बागेत भरपूर आणि अंतराने. कासरगोडच्या केंद्रीय संस्थेने नारळाच्या रोपासाठी केलेली शिफारस पाहिली तर तीही याच मार्गाने जाते: उन्हाळ्यात दर चार दिवसांनी पंचेचाळीस लिटर, आणि हा क्रम पहिली दोन वर्षे. कोकणातील आगरात नव्या माडास झापांची सावली करण्याची जी रीत आहे, तीही पाण्याच्याच काटकसरीचा भाग होय. पानांवरील ऊन कमी केले की मुळांवरील मागणी कमी होते.

आपल्या पूर्वसूरींनी हा विषय उपेक्षिलेला नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायात लावलेल्या झाडांस उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा पाणी द्यावे असे सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर अद्याप फांद्या न फुटलेली रोपे शिशिरात, फुटलेली हेमंतात आणि मोठ्या खोडाची झाडे वर्षाऋतूच्या आगमनी हलवावीत, असा भेदही केला आहे. पाण्याविषयीच्या विधानातील तिसरा भाग मला सर्वांत मार्मिक वाटतो. पावसाळ्यातही रोपावर लक्ष ठेवावे लागते, हे त्या आचार्यास दिसले होते. आणि अड्यारचा ईशान्य पाऊस त्या म्हणण्याची दरवर्षी साक्ष पटवितो. वादळाच्या पाठीवर बसून तो तीन दिवस कोसळतो, मग पंधरवडाभर आकाश निरभ्र राहते, आणि ‘पावसाळाच आहे’ या भरवशावर सोडून दिलेली रोपे नोव्हेंबरातच माना टाकतात.

आधुनिक संशोधनात झाड स्थिरावण्याच्या मुदतीविषयी अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे एडवर्ड गिलमन यांचे काम प्रसिद्ध आहे. त्यांच्या निष्कर्षाचे सार असे की, लावलेल्या झाडाच्या खोडाच्या प्रत्येक इंचाच्या जाडीमागे उष्ण प्रदेशात तीन-चार महिने आणि थंड प्रदेशात वर्षभर लागते. तोवर एका वेळी पुष्कळ पाणी घालण्यापेक्षा ते नियमित घालणे अधिक महत्त्वाचे. फ्लोरिडाचा उन्हाळा पावसाचा आणि आपला कोरडा, म्हणून ही मुदत जशीच्या तशी येथे लावता येणार नाही. पण तिच्यातून निघणारी एक गोष्ट सर्वत्र खरी आहे, ती ही की जितके मोठे झाड विकत आणावे तितकी पाणी घालण्याची मुदत लांबते. दारात तत्काळ सावली हवी म्हणून मनगटाएवढ्या खोडाचे झाड आणणारा गृहस्थ वस्तुतः दीड-दोन वर्षांची पाण्याची हमी लिहून देत असतो. कमरेइतक्या उंचीचे निरोगी रोप लवकर मुळे धरते, आणि काही वर्षांतच मोठ्या झाडास गाठते.

पाणी देण्याच्या साधनांविषयी फार विस्तार करण्याचे कारण नाही. आळे हे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत विश्वासाचे साधन आहे. मात्र ते प्रथम हुंडीइतकेच रुंद असावे, आणि मुळे बाहेर निघतील तसतसे, दर दोन-तीन महिन्यांनी, रुंदावत न्यावे. ठिबकाची नळी उत्तम, परंतु तिचे तोंड खोडाशीच बांधून वर्षानुवर्षे तेथेच ठेवले तर मुळेही तेथेच घुटमळतात. पुरलेल्या मडक्याची रीत विशेष उल्लेखास पात्र आहे. न भाजलेले नव्हे, पण झिलई न केलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. माती कोरडी असेल तितके ते झिरपते आणि ओली असेल तेव्हा स्वतःच थांबते. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही रीत आढळते, महाराष्ट्रातील दुष्काळी तालुक्यांत ती आजही वापरली जाते, आणि कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी १९७० च्या दशकात खारट पाण्यावरही तिचा उपयोग करून पाहिला. साऱ्या साधनांवर मात करणारी गोष्ट मात्र आच्छादन होय. अड्यारमध्ये नारळाची सोडणे आणि पालापाचोळा यांस तोटा नाही. तो जाळण्याऐवजी आळ्यात चार बोटे जाड पसरावा, केवळ खोडास तो टेकू देऊ नये.

आता पाणी कोठून आणावयाचे, हा या शहरातील सर्वांत कठीण प्रश्न. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईची चारही मुख्य जलाशये, पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम, जवळजवळ कोरडी पडली आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधी तीन वर्षे मिरजेहून लातुरास धावलेली पाण्याची गाडी ज्यांनी पाहिली होती, त्यांस त्या दृश्याचा अर्थ सांगावा लागला नाही. गल्लीत टँकरसमोर रंगीत घड्यांची रांग लागलेली असताना गुलाबास पाणी घालावे काय, असा प्रश्न कोणाही सहृदय माणसास पडतो, आणि तो पडलाच पाहिजे. माझे उत्तर असे की, शोभेच्या हिरवळीस अशा काळी पाण्याचा हक्क नाही; परंतु गेल्या पावसात लावलेल्या झाडास आहे, कारण त्याचे पाणी या उन्हाळ्यापुरतेच मागितलेले आहे, आणि ते दिले नाही तर आजवर दिलेले सारे व्यर्थ जाते. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी अशा वेळी बिनधास्त वापरावे. वातानुकूलन यंत्रातून गळणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते आणि अड्यारच्या दमट हवेत ते भरपूर गोळा होते. ते गटारात सोडणे हा अपव्यय आहे. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र नव्या रोपास एकट्याने कधी देऊ नये, कारण मूळ पाण्यातील क्षार त्यात एकवटलेले असतात.

क्षारांची ही गोष्ट अड्यारमध्ये दुर्लक्षून चालत नाही. समुद्र आणि खाडी यांच्यामधील वाळूत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि विहिरी-कूपनलिकांतून ते बेसुमार उपसले की खारे पाणी वर चढते. भूजलाच्या उपशावर निर्बंध घालणारा कायदा या महानगरासाठी १९८७ सालीच झाला, आणि २००३ मध्ये प्रत्येक इमारतीस पर्जन्यजल-संचय सक्तीचा झाला, त्यामागे हेच भय होते. मचूळ पाण्यावर वाढणाऱ्या रोपाची पाने कडेने करपतात. माळी त्यास तहान समजून तेच पाणी अधिक घालतो, आणि क्षार अधिक साचतात. ज्यास दुसरे पाणी नाही, त्याने थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा एका वेळी पुरेसे घालून क्षार मुळांखाली ढकलावे, करंज, उंडी, पारोसा पिंपळ, भोकर अशा किनाऱ्यास सरावलेल्या जाती निवडाव्या, आणि लागवडीची वेळ तरी साधावी. कारण ऐप्पसी-कार्त्तिगै या तामिळ महिन्यांच्या पावसात मातीतील क्षार आपोआप धुतले जातात. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या प्रारंभी लावलेल्या रोपास तीन महिन्यांचा पाऊस, त्यानंतर पौष-माघातील सौम्य हवा, आणि मे महिन्यातील अग्निनक्षत्र म्हटल्या जाणाऱ्या कडक उन्हापूर्वी मुळे पसरण्यास सात महिन्यांची सवड मिळते. जूनमध्ये लावलेल्यास यातील काहीच प्रारंभी मिळत नाही.

अतिपाण्याचाही एक शब्द बोलला पाहिजे, कारण माझ्या समजुतीप्रमाणे नदीकडील चिकण जमिनीत तहानेने मेलेल्या रोपांहून बुडून मेलेली अधिक असतात. मुळांस पाण्याइतकीच हवा लागते. आपले शेतकरी ज्यास वाफसा म्हणतात ती स्थिती, ज्यात ओल आणि हवा दोन्ही असतात, तीच रोपाची खरी भूमी. सतत भरलेल्या आळ्यात मुळे कुजतात, कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, आणि पाने तहानलेल्या रोपासारखीच लोंबतात. दोन्ही व्याधींचे बाह्य लक्षण एक असल्याने निदान मातीत खुरपे घालूनच करावे. दुपारी मान टाकून सायंकाळी सावरणारे रोप चिंतेचे नाही. पहाटेही ते मलूल असेल तर मात्र हुंडी तपासण्यास विलंब करू नये.

पाणी देण्याचा हेतू पाण्याची गरज संपविणे हा आहे, आणि म्हणून ते कसे द्यावे याइतकेच ते कसे काढून घ्यावे हे महत्त्वाचे. पहिल्या पावसाळ्यानंतर अंतर दोन दिवसांवरून चार, चारांवरून आठ असे वाढवीत जावे आणि प्रत्येक वेळी पाणी अधिक खोल जाईल असे पाहावे. नवी पालवी फुटली म्हणजे रोप लागले, असे समजण्याची घाई पुष्कळदा नडते, कारण पहिली पालवी खोडातील जुन्या साठ्यावर फुटते. हुंडीच्या कडेपासून वीतभर अंतरावर माती हळूच उकरून पांढरी कोवळी मुळे दिसली, आणि दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवस पाणी न मिळताही पाने तरतरीत राहिली, तरच ते झाड स्वतःच्या संसारास लागले. वरच्यावर शिंपडलेल्या पाण्याने मुळेही वरच्यावरच राहतात, आणि त्याची किंमत या शहराने मोजली आहे. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आले तेव्हा हजारो झाडे एका दिवसात आडवी झाली. त्यांत गुलमोहर आणि पीतमोहर यांसारख्या ठिसूळ, उथळ मुळांच्या झाडांचा भरणा फार मोठा होता. फरशीने आवळलेले बुंधे आणि जातींची निवड ही त्याची मुख्य कारणे असली, तरी रस्त्याकडेच्या रोपांना लहानपणी टँकरच्या घाईच्या धारेवर वाढविले जाते, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे. थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारातील जो वटवृक्ष पाहण्यास लोक दुरून येतात, त्याचे मूळ खोड १९८९ च्या वादळात पडले, आणि तरीही तो वृक्ष उभा आहे. कारण त्याच्या पारंब्यांनी तोवर आपापली मुळे जमिनीत धरली होती.

खाजगी बागेत हे सारे एका माणसाच्या लक्षावर साधते. सार्वजनिक लागवडीत ते व्यवस्थेने साधावे लागते, आणि तेथेच आपण उणे पडतो. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून रोपे लावण्याचे सोहळे जुलै महिन्यात होतात, तामिळनाडूच्या किनाऱ्यासही तोच महिना लावला जातो, आणि मोजले जातात ते खड्डे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये दोन कोटी, पुढे चार, तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांची उद्दिष्टे जाहीर केली. त्या आकड्यांच्या शेजारी दुसऱ्या उन्हाळ्यातील पाण्याची तरतूद तितक्याच ठळक अक्षरांत कधी वाचावयास मिळाली नाही. याउलट कर्नाटकातील सालुमरद तिम्मक्का आणि त्यांचे पती यांनी हुलिकल ते कुदूर या रस्त्याकडेस वडांची रोपे लावली, तेव्हा त्यांच्यापाशी ना निधी होता ना खाते. घागरींनी पाणी वाहून त्यांनी ती जगविली, आणि ३८५ वडांची ती रांग देशास ठाऊक झाली.

तेव्हा महापालिकेच्या आणि वनखात्याच्या लागवडीच्या ठेक्यात तीन कलमे असावीत अशी माझी सूचना आहे. लागवड त्या त्या ठिकाणच्या पावसाप्रमाणे, म्हणजे अड्यारास ऑक्टोबरमध्ये आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी जूनमध्ये, व्हावी. ठेक्याच्या रकमेतील मोठा हिस्सा दुसरा उन्हाळा उलटल्यावर, जिवंत झाडे मोजूनच अदा व्हावा. आणि पाण्याचा स्रोत व तेथपर्यंत पाणी वाहून नेणाऱ्या माणसाची मजुरी या दोन बाबी अंदाजपत्रकात रोपांच्या किमतीच्या वर, पहिल्या ओळीत, लिहिल्या जाव्यात.